वाचनाचा संस्कार कोणाच्या हाती?

शेगावच्या श्रीगजानन महाराजांचे चरित्र दासगणू महाराजांनी १९३९ साली ओवीबद्ध करून पूर्ण केले. ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाचे ते एकवीस अध्याय शेगावात आणि विदर्भातील असंख्य घरांत आजही मोठ्याने वाचले जातात. कुठे एका बैठकीत, तर कुठे रोज सात अध्याय याप्रमाणे तीन दिवसांत. घरातील वडीलधारे वाचतात आणि मुले भोवती बसून ऐकतात. अक्षरओळख नसलेल्या मुलाच्याही कानात ओवीची लय बसते, पुढचा शब्द त्याच्या ओठावर आधीच येतो आणि एके दिवशी पोथीतील ओळीवर बोट ठेवून ते तो शब्द ओळखते. वाचनाचा संस्कार म्हणतात तो हाच.

त्याच घरात आता मोबाईल आला आहे आणि त्यावर मुलांना वाचायला शिकविण्याचा दावा करणारी शेकडो अ‍ॅप्स आहेत. पालक त्यांच्याकडे आशेने पाहतात, यात नवल नाही. ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती. २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्क्यांवर आले. सुधारणा निश्चितच आहे, तरीही चारांपैकी तीन मुले वाचनाच्या उंबरठ्याबाहेरच आहेत. अशा वेळी एखादे साधन उपयोगी पडत असेल तर ते नाकारणे शहाणपणाचे नाही. प्रश्न आहे तो निवडीचा आणि ती निवड डोळसपणे करण्याचा.

पहिली कसोटी वयाची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील बालकाला पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तास ही कमाल मर्यादा आहे आणि त्याहून कमी तितके बरे. जेवताना घास भरविण्यासाठी लावलेला मोबाईल कोणत्याही अ‍ॅपमुळे शैक्षणिक ठरत नाही.

दुसरी कसोटी भाषेची. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि उच्चार दुसरा असतो. मराठीत बहुतांशी जसे लिहिले तसे वाचले जाते. म्हणून मूळाक्षरे, स्वरचिन्हे, बाराखडी आणि मग जोडाक्षरे हा क्रम आपल्या लिपीला साजेसा आहे. इंग्रजी अ‍ॅपचा साचा तसाच उचलून त्यात मराठी शब्द भरले, तर मूल चित्र पाहून शब्द सांगते, वाचत मात्र नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले. पाठ्यपुस्तकात एक ‘ल’ आणि पडद्यावर दुसरा, असे झाले तर सहा वर्षांच्या मुलाचा गोंधळ उडणारच. शुद्धलेखन, उच्चार आणि ‘ळ’ हा वर्ण ज्या अ‍ॅपला सांभाळता येत नाही, त्याने मराठी शिकवू नये.

तिसरी कसोटी सुरक्षिततेची. अ‍ॅप उतरवून घेण्यापूर्वीच, त्यात जाहिराती आहेत का, पैशांची खरेदी आहे का, ते कोणती माहिती गोळा करते, हे प्ले स्टोअरवर नमूद केलेले असते. गोष्टीच्या अ‍ॅपला संपर्कयादी किंवा मुलाचे ठिकाण कशासाठी हवे, हा प्रश्न प्रत्येक पालकाने विचारला पाहिजे. हे भय काल्पनिक नाही. मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये अमेरिकेत गुगल व यूट्यूबला १७ कोटी डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती बंधनकारक केली आणि मुलांचा माग काढण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांच्या पूर्ततेसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. कायदा हवाच, पण घरातील दक्षतेची जागा कायदा घेऊ शकत नाही. ‘मोफत’ म्हणून सुरू होऊन खात्यातून आपोआप पैसे वळते करणाऱ्या योजनांबाबत केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सावध केले होते.

येथे स्वतःलाही एक प्रश्न विचारायला हवा. अ‍ॅपच्या चिन्हावर बालहनुमान किंवा बालकृष्ण आहे, एवढ्यावर आपण विश्वास टाकतो का? गोष्टीत दर दोन मिनिटांनी जाहिरात घुसत असेल, तर देवाचे चित्र हे केवळ आमिष ठरते. याउलट गुगलने २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ नावाने आणलेले आणि पुढे ‘रीड अलाँग’ म्हणून मराठीतही आलेले अ‍ॅप जाहिरातमुक्त होते. मूल मोठ्याने वाचे आणि ते ऐकून चुकलेल्या शब्दापाशी मदत करी. परक्याचे म्हणून त्याज्य आणि आपले म्हणून निर्दोष, असा विवेक स्वदेशीने कधीच शिकविलेला नाही. स्वदेशीचा खरा अर्थ आपले उत्तम निर्माण करणे हा आहे. तसे काम सुरू आहे. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीसह अनेक भारतीय भाषांतील गोष्टी मोफत वाचता येतात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने महाजालावर खुले केले आहेत. जाहिरातीविना, पैशांविना एवढे भांडार उपलब्ध असताना ते किती घरांना ठाऊक आहे?

कार्यकर्त्यांसाठी काम आहे ते इथे. संस्कारवर्ग चालविणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वस्तीतील दहा घरांत जाऊन पालकांच्या मोबाईलमधील मुलांची अ‍ॅप्स त्यांच्यासोबत तपासावीत, अनावश्यक परवानग्या बंद करून द्याव्यात, पैशांच्या व्यवहाराला कुलूप लावावे आणि दोन-तीन निर्धोक साधने दाखवावीत. आठवड्यातून एक तास मुलांनी मोठ्याने वाचावे आणि मोठ्यांनी ऐकावे, एवढा उपक्रम कोणत्याही निधीविना सुरू होऊ शकतो. ज्या घरात मोबाईल नाही, तेथे सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तक पोहोचवावे.

उत्तम अ‍ॅप मुलाचा उच्चार सुधारील, शब्दसंख्या वाढवील. पण ‘पुढे काय झाले?’ असे विचारणाऱ्या मुलाला उत्तर देणारे माणूस शेजारी असावे लागते. पारायण टिकले ते ऐकणाऱ्याशेजारी वाचणारे कोणीतरी बसले म्हणून. पडद्यावरची गोष्ट वाचतानाही आई-वडिलांनी ती जागा सोडू नये.