पाठ थोपटून वजाबाकी येत नाही



कापसाच्या भावावर बोलायला आपण रात्र जागवतो. पोरगं तिसरीत जाऊन काय शिकतं, हे विचारायला मात्र सवड नसते. २०११ च्या जनगणनेत आपल्या नंदुरबारची साक्षरता सुमारे ६४ टक्के निघाली, महाराष्ट्रात सर्वांत कमी. त्यावर उपाय काय, तर मुलांचा आत्मविश्वास वाढवा! भाषणे होतात, टाळ्या होतात. घरी आल्यावर त्याच पोराला कापसाच्या पट्टीवरचा आकडा वाच म्हटले की ते आईच्या पदराआड जाते.

आमचे म्हणणे सरळ आहे. आधी जमते, मग धीर येतो. पहिल्यांदा औत धरले तेव्हा आपले तास वाकडेच गेले होते. छाती पुढे आली ती कुणी शाब्बास म्हटले म्हणून नव्हे. एक तास सरळ गेले म्हणून.

बांडुरा आणि शुंक या अमेरिकेतल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हेच मोजून दाखवले. वजाबाकीत मागे पडलेली सात ते दहा वर्षांची मुले घेतली. ४२ पाने उदाहरणे, सात बैठका. काहींना सांगितले, दर बैठकीला किमान सहा पाने करा. काहींना सांगितले, शेवटापर्यंत ४२ पाने संपवा. सहा-सहा पाने करणारी मुले वजाबाकीत पुढे गेली, 'आपल्याला जमते' हा त्यांचा भरवसा वाढला आणि गणिताची गोडीही लागली. ४२ पानांचा डोंगर ज्यांच्यापुढे ठेवला, त्यांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. खुरपणीला बसताना बाई सगळे शेत पाहत नाही, पुढची ओळ पाहते. तसेच हे.

पण पहिली ओळच परक्या भाषेत असली तर? याचे उत्तर आपल्याच सातपुड्यात आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडे नर्मदाकाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा निघाल्या. ती गावे सरदार सरोवराच्या बुडितातली, शाळा काढणारे नर्मदा बचाव आंदोलनातले. धरणाबद्दल ज्याचे मत त्याच्यापाशी. शाळेपुरते पाहा. तिथे मुलांची सुरुवात पावरी-भिलोरीत झाली, मराठी त्यावर चढली. त्यामुळे पोराला पहिल्याच दिवशी उत्तर देता येते. त्यातले काही विद्यार्थी पुढे तिथेच शिक्षक झाले. आमच्या सपाटीवर मात्र घरी अहिराणी नाहीतर भिली बोलणारे पोर वर्गात गप्प बसले की त्याला ढ म्हणतात. ते ढ नसते हो, त्याला प्रश्नच कळलेला नसतो! दोन वर्षे ढ म्हणून घेतल्यावर मात्र ते स्वतःही तसेच म्हणू लागते.

असले पोर चौथीत हातचा न शिकता पुढे सरकते, सातवीत अपूर्णांकाला अडते आणि एक दिवस ऊसतोडीच्या ट्रकात दिसते. पुढे बाप होऊन काट्यापाशी उभे राहते. पट्टीवर वजन किती कापले, हे त्याला दिसते पण विचारवत नाही. आम्ही हे काट्यावर पाहिले आहे, एकदा नव्हे.

वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी मजुरांची वजने मांडायची वही चौथीतल्या पोरीकडे द्या. शेतात राबवा असे नव्हे, शाळा बुडवून तर नाहीच. आज दोघा-तिघांचे, आठवड्याने सगळ्यांचे. चुकली तर वही ओढून घेऊ नका. तिलाच पुन्हा मोजू द्या.

आणि शाळेत जा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा कायद्याने पालकांच्या आहेत, त्यात निम्म्या बाया हव्यात. पुष्कळ गावांत ही समिती सह्यांपुरतीच भेटते. पुढच्या बैठकीला नंबर कितवा आला ते विचारू नका. या महिन्यात माझ्या पोरीला असे काय येऊ लागले जे गेल्या महिन्यात येत नव्हते, एवढे विचारा. मास्तरांनी तोंडी सांगितले तर पोरीच्या हातात खडू द्यायला सांगा.