वाघ्याचे गुडघे

चंद्रपुरात राहणाऱ्या माणसानं कुत्र्याचं नाव वाघ्या ठेवू नये, हे शहाणपण मला बारा वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं. दिवेलागणीला फाटकात उभं राहून मी "वाघ्याऽ, अरे वाघ्याऽ" असा गळा काढला की रस्त्यानं जाणारा सायकलवाला आधी जोरात पायडल मारतो आणि मग कोपऱ्यावर थांबून चौकशी करतो. पुण्याकडच्या पाहुण्यांना यात गंमत वाटते. ताडोबाच्या वेशीवर राहणाऱ्यांना वाटत नाही.

पण सांगायचं आहे ते नावाबद्दल नाही, गुडघ्यांबद्दल आहे. गेल्या थंडीत वाघ्या सकाळी उठेनासा झाला. म्हणजे उठायचा, पण सरकारी कचेरीतल्या फायलीसारखा. आधी पुढचा भाग हलायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग कुणीतरी मागून वशिला लावल्यासारखा उरलेला भाग वर यायचा. चार पावलं लंगडला की चालू लागायचा. त्यानं जिना सोडला, ओट्यावरची उडी सोडली. पोस्टमनवर भुंकणं तेवढं सोडलं नाही. पण तेही बसल्या जागेवरून, पेन्शनरानं सरकारवर बोलावं तसं.

मी हे चार लोकांना सांगितलं आणि तिथंच फसलो.

गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे आणि आमचं चंद्रपूरही काही अगदीच उघडंबोडकं नाही. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येकाच्या खिशात एखादी मुळी आणि जिभेवर एखादा उपाय तयार असतो. दूधवाला म्हणाला, "गुरुजी, मोहाचं तेल लावा ना जी. लसूण कडकडून घ्या त्याच्यात. माह्या बैलाले लावलं, तिसऱ्या दिवशी वखराले जुंपला." शेजारचे निवृत्त वनपाल निर्गुडीचा पाला घेऊन आले. कोपऱ्यावरच्या वहिनींनी हळदीचं दूध सुचवलं आणि कसं प्यायचं ते वाघ्याला स्वतः पिऊन दाखवलं. चामोर्शीहून आलेले मेहुणे म्हणाले, "भाऊजी, सरळ बिब्बा घाला." बिब्बा घालणे या वाक्प्रचाराचा अर्थ मी तीस वर्षं पोरांना शिकवला. त्याचा वाक्यात उपयोग स्वतःच्या कुत्र्यावर करून दाखवायचा धीर काही झाला नाही.

उपाय निरनिराळे होते, पण प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य होतं : "करून तर बघा! अपाय काही नाही, नैसर्गिक आहे."

या वाक्याविरुद्ध मला आज तक्रार नोंदवायची आहे. आणि तक्रारीचा अधिकार मला आहे, कारण या वाक्यावर विश्वास ठेवून पहिला गुन्हा मीच केला.

माझ्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी कपाटात गंधपुऱ्याच्या तेलाची बाटली असते. बाटलीवर हिरवं पान आहे. ते पान पाहून मी निर्धास्त झालो आणि एका रात्री वाघ्याच्या मागच्या दोन्ही पायांना मनसोक्त चोळलं. एक क्षुल्लक बाब मात्र ध्यानात आली नाही. माणूस लावलेलं औषध चादरीला पुसतो, कुत्रा ते चाटतो. रात्री दोन वाजता वाघ्यानं ओकायला सुरुवात केली. पहाटेपर्यंत तो इतका गळाला की पोस्टमन आला असता तर त्यानं बहुधा त्याला घरात घेतलं असतं. आमची ही त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात ती इतकं कधी बोलली नव्हती.

सकाळी रिक्षात घालून त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. डॉक्टरांनी आधी वाघ्याचा वास घेतला, मग माझा.

"दोघांना एकाच बाटलीतलं?"

मी मान खाली घातली. मग डॉक्टरांनी सलाईन लावता लावता माझी शाळा घेतली. गंधपुऱ्याचं तेल म्हणजे ॲस्पिरिनचं सख्खं भावंड. कुत्र्याच्या पोटात गेलं की जठराला जखमा करतं. मोहाच्या तेलात कडकडलेला लसूण चाटला की रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. ज्या बिब्ब्यानं माणसाच्या कातडीवर फोड येतात, तो कुत्र्याच्या जिभेला काय सोडणार? हळदीनं बिघडलं नसतं, पण सुधारलंही नसतं, कारण खाल्लेली हळद अंगात फारशी शोषलीच जात नाही.

"आणि निर्गुडीचा शेक?" मी वनपालांच्या वतीनं विचारलं.

"शेक द्या. निर्गुडी तुम्ही ठेवून घ्या."

मग मी शेवटचं शस्त्र काढलं. "मग माझीच गुडघ्याची गोळी अर्धी करून दिली तर?"

डॉक्टर थांबले. म्हणाले, "सर, लहानपणी गावाबाहेर गिधाडं पाहिली असतील ना? आता कुठं दिसतात?"

मला वाटलं, माणूस विषय बदलतोय. पण विषय तोच होता. बैलाचा पाय दुखला की त्याला डायक्लोफिनॅक टोचायचे. बैल मेला की गावाबाहेर टाकायचे, गिधाडं तो खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. हे कोडं २००४ साली सुटलं. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं. तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. नंतर आमच्या गडचिरोलीत वनखात्याला गिधाडांसाठी उपाहारगृहं काढावी लागली, म्हणजे औषध न टोचलेली मेलेली गुरं ठरल्या जागी नेऊन टाकायची. ताडोबात २०२४ साली बाहेरून गिधाडं आणून सोडली. एका जनावराची कळ थांबवायला गेलो आणि आभाळातलं दुसरं जनावर घालवून बसलो.

"बैलाला मानवलं, तुम्हाला मानवतं, म्हणून ते सगळ्यांना मानवतं असं नाही," डॉक्टर म्हणाले. "डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, तुमच्या घरातल्या असल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. कुत्र्याची औषधं वेगळी असतात. ती रक्त तपासून, वजन करून द्यायची असतात."

वजनाचं नाव निघालं आणि आमची आणखी एक लबाडी उघडी पडली. वाघ्या एकतीस किलो भरला. डॉक्टरांनी त्याच्या कुशीवरून हात फिरवला.

"बरगड्या कुठं आहेत?"

"आत असतील," मी म्हणालो.

"बोटांना लागल्या पाहिजेत. सहा किलो उतरवा. त्याचे गुडघे कुत्र्याचे आहेत, तुम्ही त्यावर वासरू उभं केलंय."

घरी येऊन चौकशी समिती नेमली. निष्पन्न झालं ते असं : सकाळी माझ्या चहाबरोबर दोन बिस्किटं, हिची तूप लावलेली पोळी, नातवाच्या ताटातला नावडता सगळा भाग, दूधवाल्याकडून साय आणि वहिनींकडून, तुम्ही ओळखलंच असेल, हळदीचं दूध. प्रत्येकाचा प्रामाणिक समज होता की बिचाऱ्याला आपणच काय ते देतो. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून जोडीतल्या एकाला जन्मभर दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला घातलं. २००२ साली निष्कर्ष छापून आला. कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचा संधिवातही उशिरा सुरू झाला. म्हणजे आम्ही ज्याला माया म्हणत होतो, ती तूप होऊन वाघ्याच्या गुडघ्यात उतरली होती.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. "नैसर्गिक" म्हणजे निरुपद्रवी, हे आपल्याला कुणी सांगितलं? निदान या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्यानं तरी असं बोलू नये. ताडोबातल्या रानकुत्र्यांत कुणी म्हातारपणाचा संधिवात घेऊन ओसरीवर पडलेला ऐकलाय? तसा प्राणी जंगलात उरतच नाही. निसर्गाकडे लंगड्या कुत्र्यासाठी एकच उपाय आहे, बिनखर्चाचा, कायमचा गुण देणारा, आणि त्याच्या अंगावर ठिपके असतात. तो रात्री आमच्या वस्त्यांच्या कडेनं फिरतो. ज्या कुत्र्याला पळता येत नाही, त्याला तो आधी बरा करतो. निसर्ग दयाळू आहे, ही शहरातल्या लोकांनी उठवलेली आवई आहे. म्हाताऱ्या कुत्र्याला सांभाळणं यात नैसर्गिक असं काही नाही. तो माणसाचा उद्योग आहे आणि तो माणसानंच करायचा आहे.

मग घरी करण्यासारखं काहीच नाही का? आहे की! पण त्याला बाटली नाही, म्हणून त्यावर आपला विश्वास बसत नाही.

खाणं कमी करायचं, आणि ते एकाच माणसाच्या हातात ठेवायचं. आमच्याकडे हे खातं हिनं घेतलं. अर्थखातं आधीपासून तिच्याकडेच होतं. गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा धुतलेलं पोतं अंथरायचं. आम्ही पाच वर्षांपूर्वी हौसेनं चकचकीत टाइल्स बसवल्या. त्यात आमचे चेहरे दिसतात आणि वाघ्याचे पाय फाकतात. नखं वेळेवर कापायची. ती वाढली की कुत्रा पाऊल तिरकं टाकतो आणि सांध्यांना जास्तच त्रास होतो. थंडीत जमिनीपासून उंच, जाड गोधडीचं अंथरूण द्यायचं. आखडलेल्या सांध्याला गरम पाण्याच्या पिशवीचा दहा मिनिटं शेक, पिशवी टॉवेलात गुंडाळून, आणि आधी आपल्या हाताला लावून बघून.

फिरणं बंद करायचं नाही, वाटून द्यायचं. रविवारी एकदम तीन मैल आणि आठवडाभर विश्रांती, हा माणसाचा व्यायाम झाला. कुत्र्याला रोज तीनदा, दहा-दहा मिनिटं. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा डांबर तापायच्या आत. विलायतेत कुत्र्यांना कोमट पाण्याच्या हौदात चालवतात म्हणे. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीत तीही सोय होते, पण वाघ्याला शिडी चढवत नाही आणि मलाही नाही. माशाच्या तेलानं थोडा गुण येतो असं अभ्यास सांगतात. तेही डॉक्टरांना विचारून, वजनाच्या मापानं. आणि एवढं करूनही कळ असेल तर औषध द्यायचं. "नैसर्गिक"च्या हट्टापायी मुक्या जिवाला कळ सोसायला लावणं, हाही अपायच.

या सगळ्यात एक अडचण आहे, हे मला मान्य आहे. तेल कुत्र्याला लावायचं असतं, हे उपाय मालकाला लागू पडतात. पहाटे उठायचं मालकानं, बिस्किट हातात असताना नजर फिरवायची मालकानं, टाइल्सची शोभा पोत्याखाली घालायची मालकानं. बाटलीचा मोठा गुण हाच, की ती लावली म्हणजे आपण काहीतरी केलं असं होतं आणि आपल्याला काहीच बदलावं लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, "म्हातारा झाला ना जी तो!" म्हातारपण हा आजार नाही. कुर्चा झिजते, सांधा सुजतो, तो आजार. म्हातारपणाला इलाज नाही, पण कळेला आहे. दुसरा आक्षेप, "कुत्रंच ते. माणसांना मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्याचे गुडघे घेऊन बसलात?"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. माझी आई शेवटची सात-आठ वर्षं भिंतीला धरून चालायची. सकाळी उठताना आधी हात टेकायची, मग बराच वेळ तशीच बसायची. आम्ही तिला तेल आणून दिलं, चांगलं, महागाचं, बाटलीवर हिरवं पान असलेलं. "वय झालं आता," असं आम्ही म्हणायचो आणि तीही म्हणायची. संडासाच्या वाटेवर ओली फरशी होती, तिथं एक पोतं अंथरावं, भिंतीला एक दांडी ठोकावी, हे आम्हा चार शिकलेल्या भावंडांपैकी एकालाही सुचलं नाही. तिनं तक्रार केली नाही. वाघ्याही करत नाही. कुत्रा कळ लपवतो, डॉक्टर म्हणाले. मी काही बोललो नाही. लपवणारी माणसंही असतात आणि त्यांच्या घरचे लोक त्याला सोशिकपणा म्हणतात. तेव्हा कुत्र्याचं केलं म्हणून माणसाचं राहिलं, असं आमच्या घरी तरी झालेलं नाही. जे माणसाचं राहिलं, ते कुत्र्यापाशी उशिरा शिकलो.

वाघ्या बरा झालेला नाही. संधिवात जात नाही, त्याच्याशी जमवून घ्यायचं असतं. तो आता सव्वीस किलो आहे आणि त्याबद्दल माझ्यावर नाराज आहे. सकाळी अजूनही फायलीसारखाच उठतो, पण "तातडीचे" असा शिक्का मारलेल्या. दूधवाला म्हणतो, "गुरुजी, मोहाच्या तेलानं फरक पडला ना जी?" मी हो म्हणतो. दूध वेळेवर यायला हवं.

दिवेलागणीला मात्र मी त्याला न चुकता आत घेतो. ठिपकेवाल्या डॉक्टरांची फेरी त्याच सुमाराला असते. फाटकात उभा राहून हाक मारतो, "वाघ्याऽ!" सायकलवाला पायडल मारतो. पण तो कोपऱ्यावर पोचायच्या आत वाघ्या चारी पायांवर फाटकाशी येऊन उभा असतो, आणि आधी माझ्या हातात बिस्किट आहे का ते बघतो.