काड्या, व्हॉल्व्ह-ट्यूब आणि कुलूपबंद कपाट : ‘स्टेम’च्या आधीचा इतिहास

१/ कळंबोलीतील आमच्या घराजवळच्या एका शाळेच्या फलकावर ‘स्टेम लॅब’ ही अक्षरे झळकतात. जणू हाताने करून शिकणे ही कल्पना कालपरवा खोक्यात भरून आली! हा समज इतिहासाला धरून नाही आणि तो आपल्याला महाग पडतो आहे. #धागा

२/ ऑक्टोबर १९३७, वर्धा. मातृभाषेतून, सात वर्षांचे, हस्तोद्योगाभोवती गुंफलेले मोफत शिक्षण गांधीजींनी मांडले; झाकीर हुसेन समितीने आराखडा दिला. टकळीवर सूत काढताना मोजमाप शिकायचे, कापसामागचा भूगोल शिकायचा.

३/ आक्षेप तेव्हाच आला. मुलांच्या मालाच्या विक्रीवर शाळा चालवायची, तर तिचा कारखाना होईल. आक्षेप रास्त होता. प्रश्नाविना हात चालला की उरते ती मजुरी.

४/ १९७२, मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्हा. १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू झाले. पुण्याच्या टेल्कोतील अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन तेथे गेले. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण ताठ राहतो.

५/ तेथील खरी क्रांती मात्र परीक्षेची होती. पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा आणि प्रयोगालाही गुण! २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला.

६/ आपल्या जवळचे उदाहरण? १९७४ मध्ये स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईत नाना चौकातील महापालिका शाळेत सुरू झाले. जळगाव जिल्ह्यातील खिरोड्याच्या परिसरात त्याने ग्रामीण शाळांसोबत काम केले. आज ते मानखुर्दला आहे, पनवेलच्या हार्बर लोकलच्या वाटेवर.

७/ आणि आज? २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. पण ती सहावी ते बारावीसाठी. पहिली ते पाचवीच्या मुलांनी तोवर काय करायचे? आकृत्या उतरवायच्या?

८/ मी तेच केले. आमच्या शाळेतील प्रयोगाच्या कपाटाला कुलूप होते आणि वहीतील आकृती सुबक होती. पूर्ण गुण मिळाले. साधनांना माझा विरोध नाही. पण ज्या कामाला परीक्षा शून्य गुण देते, त्याचे कपाट आज ना उद्या बंद होतेच.

९/ कळंबोलीच्या लोखंड बाजारात गोदामाच्या पत्र्याखालील कैच्या पाहा. सगळीकडे त्रिकोणच का? चौथीच्या मुलाला हा प्रश्न पडायला काड्या पुरतात.

१०/ म्हणून प्रवेश घेताना ‘किट कोणते?’ हे विचारू नका. विचारा, ‘प्रयोगाचे उत्तर पुस्तकापेक्षा वेगळे आले, तर मूल वहीत काय लिहिते?’ तुमच्या घरातील कोणी बुनियादी शाळेत शिकले असेल, तर त्यांची आठवण खाली अवश्य लिहा. तोही इतिहासच आहे.