सरपंच निवडा, वर्गप्रतिनिधी नको

सुदुंबऱ्याचा एकोणीस वर्षांचा पोरगा गावात थेट सरपंच निवडतो. आमदार, खासदार निवडतो. तोच पोरगा पाठीला सॅक लावून कॉलेजच्या फाटकातून आत गेला की त्याची अक्कल कुठे जाते कोण जाणे! तिथे आपल्या वर्गाचा प्रतिनिधीही त्याला निवडता येत नाही.

१९८९ च्या मार्चमध्ये घटनेची एकसष्टावी दुरुस्ती अमलात आली आणि अठराव्या वर्षी मत मिळालं. त्याच वर्षी मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि कॉलेजातल्या निवडणुकांचे दिवस भरले. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गात पहिला येईल तोच प्रतिनिधी, अशी सोय केली. ज्याचं सगळं मार्कांवर उभं, तो म्हणे प्राचार्यांसमोर इतरांची गाऱ्हाणी मांडणार!

हाणामाऱ्या होत होत्या, पक्षांचा पैसा येत होता, हे खरंच आहे. पण २०२३ मध्ये सुदुंबऱ्याजवळच्या तळेगावात नगरपरिषदेच्या दारात एका स्थानिक नेत्याचा भरदिवसा खून झाला. म्हणून नगरपरिषदच नको, असं कोणी म्हणालं? मोठ्यांनी रक्त सांडलं की पोलीस बंदोबस्त वाढतो, पोरांनी सांडलं की हक्कच जातो.

२०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुका कागदावर परत आणल्या. २०१९ मध्ये तयारी झाली, तर विधानसभा आडवी आली. मग करोना. करोनाही गेला, २०२४ मध्ये लोकसभा झाली, विधानसभा झाली. पोरांची मतपेटी काही बाहेर आली नाही. सत्तेत आणि विरोधात बसलेल्या किती पुढाऱ्यांनी पहिली घोषणा कॉलेजात दिली होती, ते त्यांचं त्यांनीच आठवावं. यातल्या काहींच्या आज स्वतःच्या शिक्षणसंस्था आहेत, हेही विसरू नये.

पण सगळं पाप त्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येणार नाही. ॲडमिशनच्या दिवशी स्टुडंट सेक्शनच्या खिडकीपाशी उभं राहून पाहा. कारकून हमीपत्र पुढे सरकवतो. कित्येक ठिकाणी त्यात बारीक अक्षरात एक कलम असतं: माझा पाल्य कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही. बाप वाचत नाही. दोन गुंठे जमीन विकताना सातबारा चार जणांना दाखवणारा हा माणूस इथे पेन मागून घेतो, सही करतो आणि पोराला वर बजावतो, "राजकारणात पडू नको." पुढे फी थकली म्हणून हॉल तिकीट अडतं, तेव्हा तोच बाप नगरसेवकाची चिठ्ठी घेऊन त्याच खिडकीशी हात जोडून उभा. हक्क म्हणून मागायची लाज आणि उपकार म्हणून घ्यायची हौस, ही आपली रीत! हक्क तर कागदावर आहेतच. कॉलेजांनी मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावलंय. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ, हा शासन निर्णय जुलै २०२४ चा. असे कागद गावोगाव वाचून दाखवायला विद्यार्थी संघटनाच लागते, आणि ती तर आपल्याला नकोच असते.

सुदुंबऱ्यात संताजी महाराज जगनाड्यांची समाधी आहे. तुकोबांचे शब्द लिहून ठेवणारा हा तेली. ८ डिसेंबरला सरकारी कचेऱ्यांत त्यांच्या फोटोला हार पडतो. बुडवलेली वाणी जपणाऱ्याला हार घालायचा आणि पोरांची तोंडं बंद ठेवायची, हे आपल्याला बरं जमतं.

मे २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगने समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून एका विद्यार्थिनीला काढून टाकलं. पोस्ट तिने तासा-दोन तासांत पुसली होती, माफीही मागितली होती. तिचं म्हणणं ऐकून न घेताच कॉलेजने आदेश काढला. तिला अटक झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने सोडवेपर्यंत ती कोठडीत राहिली. न्यायालयाने कॉलेजचा आदेशही थांबवला. पोस्ट पटो वा न पटो, घरातल्या मोलकरणीला काढतानाही माणूस "काय झालं?" एवढं विचारतो.

याच पुण्यात १९०५ मध्ये विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून सावरकरांना फर्ग्युसनने दहा रुपये दंड केला, वसतिगृहातून काढलं. तेव्हा 'केसरी' प्राचार्यांवर तुटून पडला. पोराने माफी मागून प्रकरण मिटवावं, असा सल्ला त्याने दिला नाही.

येत्या ॲडमिशनला ते हमीपत्र पुढे आलं की आंदोलनाचं कलम खोडा आणि मग सही करा. कारकून "असं चालत नाही" म्हणाला, तर कोणत्या कायद्यानुसार चालत नाही, ते कॉलेजच्या शिक्क्यानिशी लिहून मागा.