तेजोकाठचे दगडी जहाज

गेल्या महिन्यात भाचा लिस्बनला जाऊन आला. त्याच्या फोटोंत तेजो नदीकाठच्या स्मारकाचा एक फोटो होता. पन्नास मीटरहून उंच, जहाजाच्या आकाराचे बांधकाम. पुढे राजपुत्र हेन्री आणि त्याच्या मागे दोन्ही बाजूंना दर्यावर्दी, धर्मप्रसारक, कवी. एकूण ३३ पुतळे, त्यांत बाई एकच, हेन्रीची आई. आपल्या ओळखीचेही तिघे आहेत : वास्को-द-गामा, १५१० मध्ये गोवा जिंकणारा आल्बुकर्क आणि सेंट झेवियर.

हे स्मारक प्रथम १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरते उभारले होते. हेन्रीच्या मृत्यूला ५०० वर्षे झाली म्हणून १९६० साली सालाझारच्या राजवटीने ते पक्के बांधले. गंमत पाहा, पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्त झाला! दगड पक्का झाला, साम्राज्य मात्र ढासळू लागले.

फोटो निरखताना मी एका माणसाला शोधत होतो. १४९८ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदीच्या राजाने गामाला एक वाटाड्या दिला. त्यानेच जहाजे कालिकतला आणली. अरब, गुजराती व्यापाऱ्यांना ही वाट पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. तो वाटाड्या या जहाजावर नाही. १४४४ साली लागोस बंदरात उतरवलेले २३५ गुलाम आफ्रिकीही नाहीत. त्यांतला पाचवा हिस्सा हेन्रीचा होता. गामाने १५०२ मध्ये जाळलेल्या जहाजावरचे हाजचे यात्रेकरू तर नाहीतच.

म्हणून हे पाडावे का? माझे मत, नाही. जुन्या गोव्यात मांडवीकाठी व्हाइसरॉयची कमान आहे. गामाच्या पणतूने, तो व्हाइसरॉय असताना, पणजोबांच्या स्मरणार्थ ती उभारली. वर गामाचा पुतळा, तोंड नदीकडे. गोवा मुक्त झाल्यावरही आपण ती ठेवली, हे बरे केले. शाळेच्या सहलीत मुलांना मी तिच्याखालूनच नेत असे. पुतळा पाडला की प्रश्नही त्याच्याबरोबर जातो. मात्र पायथ्याशी उरलेली अर्धी हकीकत कोरलेली हवी. किनाऱ्यावरच्या स्मारकात निघालेल्यांची नावे असतात. ते जिथे पोचले तिथे काय झाले, हे दुसऱ्या किनाऱ्याला विचारावे लागते.

पण लिस्बनकरांना शहाणपण शिकवणारा मी कोण? 'गामाने भारताचा जलमार्ग शोधला' हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले आणि मुलांनी ते जसेच्या तसे उतरवले म्हणून पूर्ण गुण दिले. वाटाड्या माझ्याही फळ्यावर नव्हता. आता फळा नाही आणि ती मुलेही आजोबा होऊ लागली आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर त्या वाक्यापुढे एवढे जोडून घ्यावे : 'ज्यांना तो आधीच ठाऊक होता, त्यांच्या मदतीने.'