कॉलनीचा ओपन स्पेस आणि तुमची साखर

शिरपूर तालुक्यातले एक आबा मध्यंतरी तपासणीसाठी आले होते. सारं आयुष्य शेतात गेलेलं. गुडघे दुखायला लागले म्हणून मुलाने धुळ्याला आणून ठेवलं. दोन वर्षांत वजन वाढलं, साखर वाढली, झोप उडाली. "आबा, दिवसभर काय करता?" असं विचारलं, तर म्हणाले, "दिनभर टीव्ही देखस. दुसरं काय काम शे?"

असे आबा आणि अशा आजी जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक कॉलनीत आहेत. हातात कसब आहे, वेळ आहे, पण माती सुटली. आणि घरापासून पन्नास पावलांवर कॉलनीचा ओपन स्पेस असतो. मोठ्या लेआउटमध्ये साधारण १० टक्के जागा अशी मोकळी सोडलेली असते. तिथे काय उगवतं? गाजरगवत आणि कॅरीबॅगा. या जागेच्या एका कोपऱ्यात भाजीचे वाफे हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

यात डॉक्टरचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं की रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. आपल्या ताटात शेवभाजी असते, वरण-बट्टी असते, भाकरी-ठेचा असतो. पालेभाजी मात्र लोणच्याएवढी! मेथी, पोकळा, अंबाडी, शेपू दाराशी असली की आपोआप जास्त खाल्ली जाते. पालेभाजीतल्या चोथ्यामुळे जेवणानंतरची साखर हळू चढते, पोटही साफ राहतं. दुसरं म्हणजे हालचाल. आठवड्याला किमान १५० मिनिटं अंग हलवा, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. फिरायला जायचा कंटाळा करणारा माणूस मेथीला पाणी घालायला मात्र उठतो. आणि तिथे चार माणसं भेटतात. एकटेपणावर माझ्याकडे गोळी नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. विकतची भाजी म्हणजे विष, असं मी म्हणत नाही. ती नीट धुऊन जरूर खा. चार वाफ्यांवर कॉलनीचं पोट भरणार नाही आणि तुमची गोळीही त्याने बंद होणार नाही.

"इथे प्यायलाच पाणी नाही, वाफे कुठले?" हा प्रश्न रास्त आहे. पण आपल्याच धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत होती. बंधाऱ्याचं पाणी पाटाने यायचं, शेतं फडांत विभागलेली असायची आणि पाणी कमी असलं की त्या साली किती फड भिजवायचे हे सगळे मिळून ठरवायचे. आपल्याला तर फक्त चार वाफ्यांचं ठरवायचंय. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवा, पाचटाचं आच्छादन करा आणि उन्हाळ्यात सरळ सुट्टी घ्या. दसऱ्यानंतर मेथी-कोथिंबीर लावली की महिना-सव्वा महिन्यात हाताशी येते. खताचं म्हणाल, तर मुंबईत प्रीती पाटील यांनी पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्याचा वापर करून भाज्या आणि फळझाडं वाढवून दाखवली आहेत.

मात्र डॉक्टर म्हणून काही सूचना:

• गटारीचं पाणी भाजीला कधीही नको. उघड्यावर शौच होणारी जागाही नको. अशा मातीतून जंत, टायफॉइड, कावीळ आणि मेंदूत गाठी करणाऱ्या फीतकृमीची अंडी पोटात जाऊ शकतात.
• पाण्याची टाकी झाका. कुंड्यांखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा तरी घासून कोरड्या करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो.
• मधुमेह असेल तर अनवाणी मातीत उतरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलंय का, तपासा.
• किडनीचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर पालेभाजीचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.
• काम सकाळी आठच्या आत.

सुरुवात कशी कराल? पाच घरं एकत्र या. जागा कोणाच्या ताब्यात आहे ते बघा आणि महापालिकेकडे किंवा सोसायटीकडे लेखी परवानगी मागा. पाणी कोणी, कोणत्या वारी घालायचं आणि भाजी कशी वाटायची, हे बी टाकण्याआधी ठरवा. भांडणं नंतर याच दोन गोष्टींवरून होतात. महापालिकेनेही ओपन स्पेसमध्ये नुसते पेव्हर ब्लॉक न बसवता थोडी माती शिल्लक ठेवावी आणि एक नळ द्यावा, एवढीच विनंती.

त्या आबांची गोळी मी वाढवून दिली. वाफा मात्र मला लिहून देता येत नाही. तो त्यांच्या कॉलनीने द्यायला हवा. तुमच्याही घरात असे कोणी आबा असतील, तर या रविवारी त्यांना घेऊन ओपन स्पेसवर एक चक्कर मारा. कुठे काय येईल, ते तेच सांगतील.