डॉक्टर कोण, हे विचारलंत. सिस्टर किती, हे विचारलंत का?

घरातलं कुणी रुग्णालयात दाखल होणार असलं, की आपला पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर कोण आहेत?’ मग खोलीचं भाडं आणि कॅशलेस विमा. पण डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा राउंडला येतात. बाकीचा सगळा वेळ पेशंट असतो सिस्टर आणि ब्रदर यांच्या भरवशावर. रात्री दोन वाजता पेशंटचा श्वास जड झाला, तर ते बहुतेक वेळा सर्वात आधी त्यांच्याच लक्षात येतं.

म्हणूनच उत्तम नर्सिंगसाठी रुग्णालयांना वेगळी मान्यता दिली जाते.

सुरुवात कशी झाली?

१९८०च्या सुमारास अमेरिकेत नर्सेसचा मोठा तुटवडा होता. तरीही काही रुग्णालयांतल्या नर्सेस नोकरी सोडून जात नव्हत्या. असं का, हे शोधायला अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने १६३ रुग्णालयांचा अभ्यास केला. १९८३मध्ये त्यातली ४१ रुग्णालयं वेगळी निघाली. चुंबकासारखी नर्सेसना खेचून धरणारी, म्हणून ‘मॅग्नेट’! तिथे नर्सच्या मताला किंमत होती, वरिष्ठ पाठीशी उभे राहत होते आणि डॉक्टर मानाने वागवत होते. १९९४मध्ये सिअ‍ॅटलमधलं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन मेडिकल सेंटर ही मान्यता मिळवणारं पहिलं रुग्णालय ठरलं. ही मान्यता कायमची नसते, दर चार वर्षांनी पुन्हा कमवावी लागते.

आपल्याकडे काय?

भारतात एनएबीएच ही संस्था रुग्णालयांना मान्यता देते. तिचं ‘नर्सिंग एक्सलन्स’ हे प्रमाणपत्र त्याहून वेगळं आहे. त्यात नर्सेसची संख्या आणि प्रशिक्षण, औषधं देण्याची पद्धत, संसर्ग रोखण्याची काळजी, पेशंटला दिली जाणारी माहिती आणि नर्सेसना निर्णयात असलेलं स्थान, हे सगळं पाहिलं जातं.

संख्येवर एवढा भर का? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा एक अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. एका नर्सवर एका जादा पेशंटचा भार पडला, की ऑपरेशन झालेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त दिसली.

नुसती फाइल नको

तपासणी जवळ आली, की रजिस्टरं भरायची घाई होते. तेही काम नर्सेसवरच पडतं आणि पेशंटजवळचा वेळ कमी होतो. प्रमाणपत्र खऱ्या अर्थाने मिळवायचं असेल, तर व्यवस्थापनाने आधी नर्सेसची भरती करावी. सलग डबल ड्यूटी थांबवावी. औषध देताना चूक झाली किंवा पेशंट पडला, तर ते न घाबरता सांगता यावं. शिक्षेची भीती असेल, तर चुका लपतात आणि पुन्हा घडतात.

तुम्ही काय करू शकता?

* दाखल होताना विचारा, या वॉर्डात रात्री एका नर्सकडे किती पेशंट असतात?
* ड्यूटी बदलताना नव्या सिस्टरला पेशंटची माहिती नीट दिली जाते का, हे पाहा.
* औषध देण्याआधी पेशंटचं नाव विचारलं, तर चिडू नका. ती सुरक्षेची पायरी आहे.
* उठता-बसता जे काम घरचे करू शकतात, त्यासाठी बेल वाजवू नका.
* डिस्चार्जच्या वेळी अभिप्रायाच्या फॉर्मवर चांगल्या सिस्टरचं, ब्रदरचं नाव आवर्जून लिहा. तक्रार असेल, तर तीही नेमकी लिहा.

आपण फक्त डॉक्टरांचं नाव आणि एसी खोली बघून रुग्णालय निवडलं, तर रुग्णालयंही त्यावरच पैसे खर्च करतील. आपण नर्सिंगबद्दल विचारायला लागलो, तर त्यांनाही तिकडे लक्ष द्यावंच लागेल.